खेळायला येताना दोन फोटो आणावेत

३ फेब्रुवारी, सकाळी ११.२०

आजपासून रोजनिशी. कारण ऐतिहासिक आहे.

मुख्य कचेरीतून पत्र आलं. मजकूर थोडक्यात असा, की नगरपालिकेच्या क्रीडागृहात रोज सरासरी तेवीस नागरिक येतात. तीस एप्रिलपर्यंत हा आकडा शंभरावर गेला नाही, तर क्रीडागृह खाजगी संस्थेला चालवायला देण्यात येईल. खाली क्रीडा अधिकारी मॅडमची सही. सही नेहमीपेक्षा मोठी.

मी या क्रीडागृहाचा व्यवस्थापक. अकरा वर्षं झाली. दोन बॅडमिंटन कोर्ट, तीन टेबल टेनिसची टेबलं, मागे छोटं मैदान आणि या सगळ्यावर नजर ठेवायला माझी खोली. खोलीतून सगळं दिसतं. म्हणजे दिसलं असतं, पण खिडकीसमोर फायलींचं कपाट आहे.

पत्र वाचून घाबरलो नाही. फक्त पाणी प्यायलो. तीन ग्लास.

११.५०

तेवीस कोण, याचा आढावा घेतला. व्हरांड्यात पत्ते खेळणारे आठ (पत्ते हाही खेळच, पत्ते 'खेळतात' असंच म्हणतात). पोस्टमन, तो नळावर बाटली भरायला येतो. मास्तर, म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. ते रोज टेबल टेनिसला येतात आणि जोडीदार नसला की अर्धं टेबल उभं करून त्याच्याशीच खेळतात. बाकीच्या तेरा जणांबद्दल मावशींना विचारलं. मावशी साफसफाई बघतात. किल्ल्या त्यांच्याकडे असतात. फार बोलत नाहीत.

म्हणाल्या, दहा जण संडासला येतात साहेब. उरलेले तीन कोण, ते मलाही कळलेलं नाही.

पाया मजबूत आहे. यावर इमारत उभारू.

४ फेब्रुवारी

तत्त्व ठरवलं. खेळ हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे आणि तो त्याला फुकट मिळाला पाहिजे. फक्त आपला नेहमीचा फॉर्म भरावा लागेल. चार पानं, दोन फोटो, डॉक्टरचा दाखला, ओळखीच्या दोन सद्गृहस्थांची शिफारस. हक्क म्हणजे काय रस्त्यावर पडलाय?

समोरच्या खाजगी क्लबात असलं काही नाही. पैसे भरा आणि घुसा. वर्ष झालं तो उघडून. सगळी इमारत काचेची. पळायची यंत्रं खिडकीला लावून ठेवलीत, तोंडं आमच्याकडे. दिवसभर माणसं आमच्या दिशेने पळत असतात. एकही पोचत नाही.

६ फेब्रुवारी

शिस्त नाही म्हणून माणसं येत नाहीत, हे ध्यानात आलं. नवा फलक रंगवून घेतला. सतरा नियम. माझे आवडते:

८. खेळताना ओरडू नये. हरल्यास तर मुळीच नाही.

११. घाम जमिनीवर पडल्यास ज्याचा त्याने पुसावा.

१७. वरील नियम अपुरे वाटल्यास व्यवस्थापकांना भेटावे.

दारातच लावला. मास्तर बराच वेळ बघत उभे होते. मला वाटलं वाचतायत. म्हणाले, अक्षरांतलं अंतर चुकलंय.

आजची उपस्थिती एकोणीस.

१० फेब्रुवारी, पहाटे ५.३०

नेतृत्व स्वतःपासून सुरू होतं. आजपासून रोज पहाटे उठून चालणार. चार किलोमीटर.

५.३५

बूट सापडत नाहीत. एकच सापडला.

५.५०

दुसरा सापडला. पण तोवर पहाट राहिली नव्हती. उद्यापासून.

१७ फेब्रुवारी

चालण्याबाबत: मंगळवारी गार वारा, बुधवारी बुटाची नाडी, गुरुवारी उठलो पण मन नव्हतं, आणि मनाविरुद्ध व्यायाम करणं घातक असतं असं कुठेतरी वाचलंय. शुक्रवार-शनिवार या तिन्ही कारणांवर विचार केला. रविवारी सुट्टी.

उपस्थिती वीस. एक नवा आला होता. फॉर्म दिला तर म्हणाला, मी नुसती रॅकेट मारून बघायला आलोय. त्याला समजावून सांगितलं की नुसती रॅकेट मारून बघण्यासाठी वेगळा फॉर्म नाही, त्यामुळे हाच भरावा लागेल. गेला. फोटो काढायला गेला असावा.

२४ फेब्रुवारी

आज शत्रूच्या गोटात शिरलो. समोरच्या क्लबात 'एक दिवस मोफत' अशी पाटी आहे. नाव बदलून गेलो. दारातच टायवाला भेटला. हा तिथला मॅनेजर. तरुण, गोड बोलणारा, व्यायामशाळेत टाय घालणारा पहिलाच माणूस मी पाहिला. म्हणाला, या या, तुम्ही समोरचे ना?

गुप्तता संपली, पण पाय मागे घेतला नाही.

पळायच्या यंत्रावर चढलो. सुरुवात छान झाली. मग वेग आपोआप वाढला. थांबवायचं बटण कुठे आहे ते विचारायचं होतं, पण बोलायला श्वास लागतो. समोर काचेतून माझंच क्रीडागृह दिसत होतं. इतक्या तळमळीने त्याच्याकडे मी कधीच पळालो नव्हतो. शेवटी टायवाल्याने येऊन यंत्र बंद केलं. मी त्याला सांगितलं की आणखी बराच वेळ चाललं असतं.

नंतर त्याने पाणी दिलं आणि आम्ही बोललो. मी विचारलं, तुमच्याकडे सभासद किती? म्हणाला, सहाशे. रोज येतात किती? म्हणाला, ऐंशी. मी म्हटलं, अरेरे. तर तो हसला. म्हणाला, अहो, न येणारे सभासद हेच आमचं बळ. सहाशेच्या सहाशे आले तर उभं कुठे करू? जानेवारीत लोक जोशात वर्षाचे पैसे भरतात, फेब्रुवारीत त्यांना लाज वाटायला लागते, मार्चपासून समोरच्या फुटपाथने जातात.

घरी येऊन हिशोब मांडला. क्लब: सभासद सहाशे, येणारे ऐंशी. म्हणजे सुमारे तेरा टक्के. आमचं क्रीडागृह: सभासद एकोणीस, येणारे तेवीस. म्हणजे एकशे एकवीस टक्के!

सार्वजनिक व्यवस्थेचा इतका दणदणीत विजय जगात कुठे झाला नसेल. मॅडमना पत्र धाडतोय.

२५ फेब्रुवारी

पोटऱ्या दुखतायत. जिना बसून उतरलो.

३ मार्च

मॅडमचं उत्तर आलं. एकच ओळ. 'टक्के नकोत, माणसं दाखवा.'

कल्पनाशक्ती सगळ्यांकडे नसते.

५ मार्च, संध्याकाळी ६.४०

घरात धक्का.

बायकोच्या पिशवीत क्लबाचा टॉवेल सापडला. विचारलं, हा कुठून आला? म्हणाली, क्लबातून. मी म्हटलं, म्हणजे तू तिकडे जातेस? म्हणाली, ऑक्टोबरपासून. मी म्हटलं, मी समोर बसलेला असतो, मला दिसली कशी नाहीस? म्हणाली, मला तुम्ही दिसत नाही, मला तुमचं कपाट दिसतं.

मी शांतपणे समजावलं. व्यवस्थापकाची बायको खाजगी क्लबात जाते, हे बरं दिसतं का? खेळायचंच होतं तर आपलं क्रीडागृह काय वाईट?

तर ती म्हणाली, अहो, आले होते की मी. सप्टेंबरात. बॅडमिंटनसाठी. तुम्ही फॉर्म परत पाठवलात. शेरा होता, 'अर्जदाराची सही संशयास्पद.'

फायलीत बघितलं. शेरा माझाच आहे. सही खरंच संशयास्पद आहे, पण हे घरी बोललो नाही.

आणि शिफारस करणारे दोन सद्गृहस्थ? त्यात तिने माझं नाव घातलं होतं. मी 'ओळख पटत नाही' असं लिहिलंय.

६ मार्च

बायको बोलत नाही. कामापुरतं बोलते. 'मीठ' वगैरे.

१५ मार्च

महामेळावा! ही माझी कल्पना. लोकांमध्ये खेळाची आवड निर्माण करायची तर एक दणक्यातला कार्यक्रम हवा. तीनशे खुर्च्या मागवल्या. त्या बॅडमिंटन कोर्टांवर मांडल्या. उरलेल्या टेबल टेनिसच्या टेबलांवर रचल्या. व्यासपीठ मागच्या मैदानात मावत नव्हतं म्हणून तेही आत. लाउडस्पीकर तीन.

दुपारी २.१५

थोडा वेळ मिळाला म्हणून लिहितोय. माझं भाषण झालं. एक तास दहा मिनिटं. विषय: 'उठा आणि खेळा'. श्रोते बसून होते.

४.३०

उपस्थिती एक्केचाळीस. पैकी लाउडस्पीकरवाले पाच, खुर्च्यावाले नऊ, पत्तेवाले आठ. व्हरांडा अडल्यामुळे ते आत आले आणि मागच्या रांगेत डाव मांडून बसले. भाषण संपल्यावर एका बाईंनी विचारलं, आता खेळायचं कुठे? मी म्हटलं, बाई, आज खेळ नाही, आज जनजागृती आहे.

मास्तर आज आले तेव्हा त्यांच्या टेबलावर साठ खुर्च्या होत्या. मावशींनी आणि त्यांनी मिळून एकेक उतरवल्या. शेवटची खुर्ची उतरेपर्यंत पाच वाजले आणि क्रीडागृह बंद करायची वेळ झाली. मी घड्याळ दाखवलं. नियम म्हणजे नियम. मास्तर बॅट पिशवीत घालून गेले. जरा वाकल्यासारखे चालत होते. वय.

२० मार्च

मला आता वाटतं, दोष लोकांत आहे. पण अंदाजावर विसंबू नये. शास्त्रीय पाहणी करायची. अडतीस प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. 'आपण का खेळत नाही?' हा मुख्य प्रश्न. उत्तराला पाच पर्याय: आळस, अति आळस, आजार, अज्ञान, इतर.

२२ मार्च

आज बारा घरं केली. सुरुवात कोपऱ्यावरच्या बेकरीपासून. बेकरीवालीने हात पिठात असताना उत्तरं दिली. म्हणाली, खेळायला आवडेल हो, पण तुम्ही उघडता दहाला, तेव्हा मी दुकानात. बंद करता पाचला, तेव्हाही मी दुकानात. मधे एक ते अडीच मला वेळ असतो, तेव्हा तुमची जेवणाची सुट्टी. रविवारी दुकान बंद, तर तुम्हीही बंद.

'इतर'वर खूण केली.

मागे तिची सासू बसली होती. वय एकाहत्तर. म्हणाली, मी लग्नाआधी बॅडमिंटन खेळायचे. तुमच्याकडे आले होते गेल्या वर्षी. फलक वाचता वाचता दम लागला, परत आले. मी म्हटलं, आजी, फलक तर आत्ता फेब्रुवारीत लावलाय. म्हणाली, मग आधी दुसरा होता.

होता. त्यावर बाराच नियम होते. आजींची स्मरणशक्ती दांडगी आहे. 'आजार'वर खूण करून टाकली.

२९ मार्च

पाहणी पूर्ण. चौसष्ट घरं. निष्कर्ष: एकसष्ट लोकांचं कारण 'इतर'. म्हणजे लोकांना स्वतःलाच कारण माहीत नाही. मोठा प्रश्न आहे. अहवाल लिहायला घेतला. पान एक झालं.

उपस्थिती बावीस. महिना उरला.

खरं सांगायचं तर दुपारी कोर्टवर एकटाच उभा राहिलो थोडा वेळ. पायाखालची फरशी इतकी स्वच्छ की माझा चेहरा दिसत होता. मावशी रोज पुसतात. कोणासाठी, असं वाटून गेलं. मग फोन वाजला.

३१ मार्च

एक जबरदस्त कल्पना! टायवाल्याला जाहीर आव्हान देणार. टेबल टेनिसचा सामना. सार्वजनिक विरुद्ध खाजगी. तो हरला की लोकांचे डोळे उघडतील. मी कॉलेजात असताना उपविजेता होतो. तेव्हा स्पर्धेत दोघेच उतरले होते, पण पुढच्याने मला सहज हरवलं असं काही नाही. बराच वेळ लागला त्याला.

टायवाला लगेच हो म्हणाला. जरा जास्तच आनंदाने. त्याच्या क्लबात नोकरांना खेळायला परवानगी नाही म्हणे. सामना दोन एप्रिलला, दुपारी साडेचारला.

२ एप्रिल, संध्याकाळी ७.००, अस्थिरोग दवाखाना

काय झालं ते सांगतो. सामन्याचा मोठा कापडी फलक लावायचा होता. मी स्वतः टेबलावर चढलो. फलकाचं डावं टोक किंचित खाली होतं. मास्तर म्हणाले, डावीकडे घ्या. मी डावीकडे घेतलं. टेबल डावीकडे संपलं होतं.

घोटा. प्लास्टर. चार आठवडे घरी.

माझ्या जागी मास्तर खेळले, असं मावशींनी फोनवर सांगितलं. लोक जमले होते, बरेच. बेकरीतली, क्लबातून घरी निघालेली, माझा आरडाओरडा ऐकून आलेली. कोण जिंकलं, विचारलं. म्हणाल्या, अजून चालू आहे. मी म्हटलं, अहो सात वाजले, पाचला बंद करायचं! तर म्हणाल्या, साहेब, ऐकू येत नाही, फार ओरडतायत.

नियम आठ.

४ एप्रिल

मास्तर जिंकले. एकवीस डाव झाले. टायवाला म्हणे शेवटी टाय डोक्याला बांधून खेळत होता.

मावशींना फोनवर सविस्तर सूचना दिल्या. त्या 'बरं' म्हणाल्या. अकरा वेळा.

९ एप्रिल

फोन केला. उपस्थिती? मावशी म्हणाल्या, अठ्ठावन्न. मी म्हटलं, मावशी, अठरा म्हणायचंय का? म्हणाल्या, नाही, पन्नास आणि आठ.

पाहणीचा परिणाम! प्रश्न विचारले की माणूस विचार करू लागतो, विचार करू लागला की खेळू लागतो. बायकोला सांगितलं. ती उशी सारखी करत होती. म्हणाली, असेल.

ती आता बोलते. एक पाय प्लास्टरमध्ये असलेल्या माणसावर रागावता येत नाही, असं म्हणाली.

१४ एप्रिल

एकशे चार!

महामेळाव्यातलं माझं भाषण लोकांच्या मनात मुरायला महिना लागला, एवढंच. चांगल्या भाषणाचं असंच असतं.

१७ एप्रिल

बायको संध्याकाळी सातला घरी आली, घामाघूम. मी म्हटलं, क्लबात गर्दी होती का? म्हणाली, क्लब सोडला. तुमच्याच क्रीडागृहात गेले होते. मी म्हटलं, सातला? म्हणाली, आठपर्यंत उघडं असतं. सकाळी सहापासून. मावशी म्हणतात, मी झाडायला सहाला येतेच, गेट कशाला लावून ठेवू?

मी विचारलं, फॉर्म भरलास? म्हणाली, फॉर्म संपले. मी म्हटलं, मग नवे छापून... म्हणाली, कोणी मागितले नाहीत.

माझ्या गैरहजेरीत एवढा अनागोंदी कारभार, आणि तरी एकशे चार माणसं येतात. मी असतो तर किती आली असती!

२२ एप्रिल

एकशे एकोणतीस. पत्तेवाल्यांपैकी पाच जण आता मैदानात चेंडू खेळतात. उरलेले तीन गुण मोजतात. बेकरीवाली पहाटेचं पीठ मळून सहाला येते, सासू साडेसहाला. टायवालासुद्धा येतो म्हणे, क्लब बंद झाल्यावर. कोणाला सांगू नका म्हणतो. सगळ्यांना माहीत आहे.

मॅडमचा निरोप आला. एकोणतीसला सकाळी अकरा वाजता तपासणी. स्वतः येऊन माणसं मोजणार.

डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यापर्यंत पडून राहायला सांगितलंय. पण अशा वेळी सेनापती घरी बसत नाही.

२८ एप्रिल, सकाळी १०.०५

काठी टेकत आलो. जे पाहिलं त्यावर विश्वास बसेना. गेट सताड उघडं. माझा सतरा नियमांचा फलक आडवा करून दोन टेबलांच्या मधे चेंडू अडवायला लावलाय. आत एवढी माणसं की मला आत शिरायला वेळ लागला. एका बाईंनी 'काका, बाजूला!' म्हणून मला भिंतीला लावलं.

सगळ्यात गंभीर बाब: यातल्या एकाही माणसाची नोंद नाही. म्हणजे कायद्याने बघितलं तर इथे कोणीच नाही! उद्या मॅडमनी फॉर्म मागितले तर?

सुदैवाने मी वेळेवर आलो. तातडीने तीनशे फॉर्म छापायला टाकले. उद्या सकाळी गेट बंद. बाहेर रांग. फॉर्म, फोटो, दाखला, मग प्रवेश. मावशींना सांगितलं. त्यांनी पहिल्यांदाच 'बरं' म्हटलं नाही. म्हणाल्या, साहेब, एक दिवस राहू दे की. मी म्हटलं, मावशी, तुम्हाला प्रशासन कळत नाही.

त्या फरशी पुसायला निघून गेल्या. फरशी पुसलेलीच होती.

२९ एप्रिल, दुपारी ३.००

घडलं ते क्रमाने लिहितो.

सहाला गेट बंद केलं. साडेसहापर्यंत रांग कोपऱ्यापलीकडे. नऊपर्यंत चार फॉर्म पूर्ण झाले. एकाचा फोटो जुना होता, त्यात त्याला केस होते. तो परत पाठवला. म्हणजे तीन. मास्तरांनी 'व्यवसाय' या रकान्यात टेबल टेनिस लिहिलं. त्यावरून आमचं थोडं बोलणं झालं. मास्तर अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी मोठ्याने बोलले. म्हणाले, अहो, माझी पत्नी गेल्यापासून मी रोज इथे येतो, तुम्ही मला कधी विचारलंत का एकदा तरी, की खेळता का माझ्याशी? मी म्हटलं, मास्तर, मागे रांग आहे.

बरोबर अकराला मॅडमची गाडी आली. मी त्यांना आत नेलं. दोन्ही कोर्ट रिकामी. तिन्ही टेबलं रिकामी. नळाशी पोस्टमन. मॅडमनी वहीत लिहिलं: एक. मग मावशींकडे बघून विचारलं, या खेळतात का?

मी त्यांना अभिमानाने कोर्टाच्या खिडकीशी नेऊन रांग दाखवली. दीडशे तरी असतील. मॅडम म्हणाल्या, हे खेळतायत का? मी म्हटलं, प्रक्रियेत आहेत.

मॅडमनी वही मिटली. म्हणाल्या, हे क्रीडागृह चालवायला समोरच्या क्लबाने मागितलंय, त्यांना काय कळवायचं ते बघते.

बाहेरून बेकरीवालीची सासू ओरडत होती, अहो बाई, आम्ही रोज येतो हो, आजच बंद आहे! मी काहीतरी बोलणार होतो. काय, ते आता आठवत नाही.

मावशी पुढे आल्या. कमरेच्या किल्ल्या काढल्या आणि मला म्हणाल्या, साहेब, फरशी वाळली. आता सोडू का लोकांना? मग मॅडमना म्हणाल्या, ओल्यावरून कोणी घसरू नये म्हणून साहेबांनी थांबवलं होतं सगळ्यांना. स्वतः पडलेत ना ते.

मॅडमनी माझ्या प्लास्टरकडे पाहिलं. मी प्लास्टर जरा पुढे केलं.

गेट उघडलं. पाच मिनिटांत आवाज इतका झाला की मॅडमना एकेकाकडे बोट दाखवून मोजावं लागलं. एकशे त्रेपन्न. त्यात एक इसम तोंडाला रुमाल बांधून होता, तो टायवाला. बायकोही होती. मास्तरांनी मॅडमच्या हातात एक बॅट दिली. मॅडम म्हणाल्या, नाही नाही, मी कामावर आहे. मग चार डाव खेळल्या. चारही हरल्या आणि नियम आठ मोडला.

जाताना त्यांनी मला विचारलं, हे कसं जमवलंत? मी म्हटलं, नियोजन.

मावशींच्या त्या वाक्याने प्रक्रियेचा भंग झाला, हे मात्र नोंदवून ठेवायला हवं.

रात्री जेवणानंतर

वरचं शेवटचं वाक्य खोडणार होतो. राहू दे. पेनातली शाई संपत आलीय.

६ मे

जिंकलो! पत्र आलं. क्रीडागृह नगरपालिकेकडेच राहणार. वेळ सकाळी सहा ते रात्री आठ. नोंदणीचा फॉर्म रद्द. दैनंदिन देखरेख मावशींकडे, त्यांना पगारवाढ. टेबल टेनिस शिकवायला मास्तर.

आणि माझी बदली मुख्य कचेरीत! मुख्य! अकरा वर्षांच्या सेवेचं चीज झालं. जुनी कागदपत्रं विभाग, तळघर. बायकोला सांगितलं. तिने आधी 'तळघर?' असं विचारलं, मग 'अभिनंदन' म्हणाली.

१२ मे

नवी खोली शांत आहे. खिडकी नाही, त्यामुळे कपाट कुठे ठेवायचं हा प्रश्नच येत नाही. दिवसभरात एकच माणूस आला. त्याला लिफ्ट हवी होती. तीही वरच्या मजल्यावर आहे.

कागद लावून झाल्यावर दुपारी दोन ते पाच काय करायचं, याचा आराखडा तयार करतोय. माणसं या विभागाकडे वळवायला मोठा वाव आहे. लोकांना कागद बघायची सवयच नाही.

१९ मे, संध्याकाळी ७.४५

डॉक्टर म्हणाले, प्लास्टर निघालं, आता हलका खेळ सुरू करा. म्हणून आज क्रीडागृहात गेलो. पाहणी करायला. नुसता उभा होतो तर बेकरीवालीच्या सासूने हाक मारली. काका, जोडीदार आला नाही माझा, या. मला काका म्हणाली. मी तिच्यापेक्षा एकोणीस वर्षांनी लहान.

म्हटलं, म्हातारं माणूस आहे, जपून खेळू.

पहिला डाव एकवीस-चार. दुसरा एकवीस-दोन. ते दोन ती शिंकत असताना मिळाले. तिसऱ्यात मला एकही गुण मिळाला नाही, पण एकदा बॅडमिंटनचं फूल माझ्या रॅकेटला लागलं. आवाज सुंदर येतो. अकरा वर्षं तो आवाज खोलीत बसून ऐकायचो, कधीमधी. जवळून वेगळाच आहे. आजींनी पाठीवर थाप मारून सांगितलं, उद्या परत या, आजच्यापेक्षा बरं होईल.

घरी आलो. बायको माझ्या मागोमाग दहा मिनिटांनी आली. चप्पल काढता काढता विचारलं, काय, खेळलात म्हणे? कसं झालं?

मी म्हटलं, जिंकलो. अगदी थोडक्यात.

ती म्हणाली, अहो, मी शेजारच्याच कोर्टवर होते.

ती आत गेली. पाण्याचे दोन ग्लास घेऊन आली, एक माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, सर्व्हिस करताना डोळे मिटू नका.